कंपनीचं माहेर, कंपनीचं सासर आणि माझं तिरकं टेबल

गेल्या वर्षी मी एक टेबल मागवलं. बटण दाबलं की वर जातं, बटण दाबलं की खाली येतं, तसलं. ऑनलाइन, ६४० डॉलरला, युटामधल्या एका छोट्या कंपनीकडून, जिचं नाव मी इथे घेणार नाहीये. चाळिशी उलटल्यावर संध्याकाळच्या लॉ स्कूलला ॲडमिशन घेतलेली, दिवसभर नोकरी, रात्री अभ्यास, पाठ पार कामातून गेलेली, म्हणून म्हटलं उभं राहून तरी वाचू. सातव्या आठवड्यात उजव्या पायातून जळका वास आला, डावा पाय वर गेला, उजवा आहे तिथेच राहिला, आणि छोट्याशा स्क्रीनवर एरर दाखवून टेबल जे अडकलं ते अडकलंच. कंपनीला चार मेल टाकले, दोन फोन केले, तिकडून फक्त ते संगीत ऐकू येत राहिलं.

पहिल्या सेमिस्टरचा विद्यार्थी म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला असतो. मी लगेच नवऱ्याला जाहीर केलं की दावा ठोकणार. आपल्या न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाची, मर्यादा ५,००० डॉलर आहे, वकीलही लागत नाही, बघच आता. तो लॅपटॉपमधून मानही वर न करता म्हणाला, "अगं पण ते युटात बसलेत ना, ते कशाला इथे येतील?"

आणि मी गप्प. कारण आमच्या सिव्हिल प्रोसिजरच्या प्रोफेसरीणबाई गेले पाच आठवडे नेमका हाच प्रश्न आम्हाला शिकवत होत्या आणि माझ्या डोक्यात तोपर्यंत नुसती केसेसची नावं भरलेली होती. त्या रात्री तिरक्या टेबलाशेजारी खाली जमिनीवर बसून मी पहिल्यांदा तो सगळा प्रकार नीट वाचला. एका स्टेटच्या कोर्टाला दुसऱ्या स्टेटमधल्या कंपनीला ओढून आणायचा अधिकार कधी असतो, याला अमेरिकन कायद्यात पर्सनल ज्युरिस्डिक्शन म्हणतात. केस कुठल्या प्रकारची आहे आणि ती फेडरल कोर्टात चालते की स्टेटच्या, हा वेगळा विषय, त्याचा गोंधळ करायचा नाही (मी परीक्षेत केला होता). इथे प्रश्न माणसावरच्या, म्हणजे प्रतिवादीवरच्या अधिकाराचा आहे. आणि गंमत म्हणजे कायद्याच्या भाषेत दुसऱ्या स्टेटच्या कंपनीला फॉरेन कॉर्पोरेशन म्हणतात, म्हणजे नदीपलीकडे न्यूयॉर्कात असलेली कंपनीसुद्धा आमच्यासाठी फॉरेनची.

आता यात एवढं काय अडलंय, कोर्टाने समन्स पाठवावं आणि समोरच्याने यावं, असं मलाही वाटायचं. पण समजा समोरचा आलाच नाही, कोर्टाने एकतर्फी निकाल दिला, आणि मी तो कागद घेऊन युटात वसुलीला गेले. राज्यघटनेच्या चौथ्या आर्टिकलप्रमाणे एका स्टेटच्या कोर्टाचा निकाल दुसऱ्या स्टेटने मानायचा असतो, पण निकाल देणाऱ्या कोर्टाला मुळात त्या कंपनीवर अधिकारच नसेल तर तो निकाल मानायचं कारण नाही, तो रद्दीच. आणि दुसरं, चौदाव्या दुरुस्तीतलं ड्यू प्रोसेस, जे १८६८ पासून घटनेत आहे, ते म्हणतं की रीतसर प्रक्रियेशिवाय कुणाची मालमत्ता हिरावून घ्यायची नाही. अधिकार नसलेल्या कोर्टाने पैसे द्यायला लावणं हे त्यातच बसतं. म्हणून आधी लगीन ज्युरिस्डिक्शनचं, मग टेबलाचं.

याची मूळ गोष्ट ओरेगनमधली आहे आणि ती मला फार आवडते कारण त्यात एकही माणूस धड नाही. नेफ नावाच्या माणसाची ओरेगनमध्ये जमीन होती. मिचेल नावाच्या वकिलाने त्याच्यावर फी बुडवल्याचा दावा लावला, रक्कम तीनशे डॉलरच्या आतली. नेफ तेव्हा ओरेगनमध्ये नव्हताच, म्हणून पेपरात नोटीस छापली, ती त्याने वाचली असण्याची शक्यता शून्य, एकतर्फी निकाल झाला आणि वसुलीसाठी जमीन शेरीफने लिलावात काढली. ती घेतली कुणी, तर खुद्द वकील मिचेलने, आणि लगेच पेनॉयर नावाच्या माणसाला देऊन टाकली. काही वर्षांनी नेफ उगवला आणि म्हणाला माझी जमीन कुठाय. केसच्या कागदांत तिची किंमत १५,००० डॉलर लावलेली आहे, म्हणजे बघा. १८७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेफला जमीन परत दिली आणि नियम सांगितला की स्टेटचा अधिकार स्टेटच्या सीमेपर्यंत. माणूस सीमेच्या आत सापडला आणि हातात समन्स दिलं तर तो तुमचा, किंवा त्याची मालमत्ता तुम्ही दाव्याच्या सुरुवातीलाच जप्त केली असेल तर तेवढ्यापुरता तुमचा, नाहीतर नाही. (पेनॉयर पुढे ओरेगनचा गव्हर्नर झाला. मिचेल सिनेटर झाला आणि म्हातारपणी १९०५ मध्ये ओरेगनच्याच जमीन घोटाळ्यात दोषी ठरला. स्वभावाला औषध नाही.)

माणसांपुरता हा नियम समजण्यासारखा आहे. माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असतो. पण कंपनी? कंपनीला ना हात ना पाय, ती आहे कुठे हे कसं ठरवायचं? रेल्वे आली, मग मोटारी आल्या, माल एका स्टेटमध्ये बनायचा, दुसऱ्यात विकला जायचा, तिसऱ्यात कुणाच्या तरी पायावर पडायचा. कोर्टांनी मग बऱ्याच कसरती केल्या, कंपनी इथे धंदा करते म्हणजे ती इथे हजर आहे असं समजू, किंवा धंदा करते म्हणजे तिने मनातल्या मनात संमती दिली असं समजू. या समजू-समजूमध्ये पासष्ट-सत्तर वर्षं गेली.

आणि मग आली बुटांची केस. इंटरनॅशनल शू कंपनी, नोंदणी डेलावेअरची, मुख्य ऑफिस मिसूरीत सेंट लुईसला. वॉशिंग्टन स्टेटमध्ये (राजधानी नव्हे, वरच्या कोपऱ्यातलं) त्यांचं ऑफिस नाही, गोडाऊन नाही, माल ठेवलेला नाही. होते फक्त ११ ते १३ सेल्समन, जे तिथेच राहायचे, दुकानदारांना सँपल दाखवायचे आणि ऑर्डर सेंट लुईसला पाठवायचे. सँपल म्हणून प्रत्येक जोडीतला एकच बूट त्यांच्याकडे असायचा. एकच! मी हे वाचून मोठ्याने हसले, कारण कंपनीने धंदा किती म्हणून कमी करतोय असं दाखवावं तर इतकं. वॉशिंग्टन स्टेट म्हणालं की या सेल्समनसाठी बेकारी निधीत पैसे भरा, कंपनी म्हणाली आम्ही तिथे नाहीच तर कसले पैसे. पण त्या सेल्समनना मिळून वर्षाला ३१,००० डॉलरच्या वर कमिशन जात होतं, १९३७ ते ४० च्या काळात, म्हणजे अगदीच काही एक पाय आत एक बाहेर अशातली गत नव्हती. १९४५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, ही हजर आहे का नाही ही भानगड सोडा. कंपनीचे त्या स्टेटशी काही किमान संबंध आहेत का आणि तिला तिथे बोलावणं न्यायाला धरून आहे का, एवढंच बघायचं. मिनिमम काँटॅक्ट्स, आणि फेअर प्ले अँड सब्स्टॅन्शिअल जस्टिस, हे दोन शब्दप्रयोग तेव्हापासून प्रत्येक लॉ स्टुडंटच्या डोक्यावर बसलेत. फायदा घ्यायचा तर जबाबदारीही घ्या, साधा हिशोब.

साधा म्हणजे ऐकायला. किमान म्हणजे किती, यावर पुढची ऐंशी वर्षं भांडण चालू आहे.

यातून दोन रस्ते फुटले. पहिला जनरल ज्युरिस्डिक्शनचा, म्हणजे एखाद्या स्टेटमध्ये कंपनीवर कुठलाही दावा लावता येतो, भानगड जगात कुठेही झालेली असो. दुसरा स्पेसिफिक, म्हणजे त्या स्टेटशी जोडलेल्या भानगडीपुरताच.

पहिला मला समजला तो माहेर-सासरामुळे. कंपनी जिथे नोंदवली जाते, जन्माला येते, ते माहेर. आणि जिथून प्रत्यक्ष कारभार चालतो, मुख्य ऑफिस असतं, ते सासर. या दोन ठिकाणी कंपनी घरची, तिथे कुणीही तिला कशासाठीही कोर्टात बोलवावं. अमेरिकेतल्या फॉर्च्यून ५०० (सगळ्यात मोठ्या पाचशे) कंपन्यांपैकी दोन तृतीयांश कंपन्यांचं माहेर एकच, डेलावेअर, चिमुकलं स्टेट, आमच्या न्यू जर्सीच्या खाली चिकटलेलं. यातल्या कित्येक कंपन्यांचं तिथे एक टपाल घेणारा एजंट सोडला तर काही नसतं. पण माहेर ते माहेर.

आधी ही व्याख्या एवढी कडक नव्हती. एखाद्या स्टेटमध्ये तुमचा मोठा आणि सततचा धंदा असेल तर तिथेही तुम्ही घरचेच, असं बरीच कोर्टं धरून चालायची. मग २०११ मध्ये एक केस आली, नॉर्थ कॅरोलिनातली दोन मुलं, तेरा-तेरा वर्षांची, पॅरिसजवळ बसच्या अपघातात गेली. टायर गुडइयरच्या टर्कीतल्या कंपनीने बनवलेला. आईवडिलांनी आपल्या घरी, नॉर्थ कॅरोलिनात, दावा लावला. सुप्रीम कोर्ट एकमताने म्हणालं की त्या टर्कीच्या कंपनीचे काही टायर नॉर्थ कॅरोलिनात पोचतात म्हणून ती तिथली घरची होत नाही. २०१४ ला डाइमलर या जर्मन मोटार कंपनीच्या केसमध्ये, ज्यात अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीतल्या अत्याचारांबद्दल कॅलिफोर्नियात दावा होता, कोर्टाने माहेर-सासराचं सूत्र पक्कं करून टाकलं, अपवाद अगदीच विरळा. आणि २०१७ ला मोंटॅनात बीएनएसएफ रेल्वेची २,००० मैलांच्या वर लाइन आणि २,००० च्या वर कर्मचारी असूनही कोर्ट म्हणालं नाही, तरीही घरची नाही. दोन हजार मैल रूळ टाकून बसलेली कंपनी पाहुणी! पण त्याची दुसरी बाजूही आहे म्हणा, देशभर पसरलेली कंपनी पन्नास ठिकाणी घरची म्हटली तर कुठल्याही भानगडीचा दावा कुठेही लागेल आणि वकील मंडळी जिथली ज्युरी सगळ्यात उदार तिथे धाव घेतील.

ते तर घेतातच. आता दुसऱ्या रस्त्यावरची ऑडीची केस घ्या, ती सगळ्या वर्गाला पाठ असते. न्यूयॉर्कमधल्या एका कुटुंबाने मसीना गावातल्या डीलरकडून ऑडी घेतली, पुढच्या वर्षी ॲरिझोनाला बिऱ्हाड हलवायला निघाले, वाटेत ओक्लाहोमात मागून गाडी धडकली, आग लागली, आई आणि दोन मुलं भाजली. दावा ओक्लाहोमातच लावला, गाडी बनवणाऱ्यांपासून ते त्या मसीनाच्या डीलरपर्यंत सगळ्यांवर. डीलर म्हणाला मी कुठे ओक्लाहोमात धंदा करतो? १९८० मध्ये सुप्रीम कोर्ट डीलरच्या बाजूने. गाडी चाकांवर चालते, कुठेही जाऊ शकते, हे माहीत असणं पुरेसं नाही, तुम्ही स्वतःहून त्या स्टेटमध्ये हात घातला पाहिजे. गिऱ्हाइकाने एकट्याने तुमचा माल उचलून तिकडे नेला त्याची जबाबदारी तुमच्यावर नाही.

आता मला पडलेला प्रश्न, एवढ्याशा डीलरसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत कशाला कोण भांडतं, पैसे तर ऑडीकडे होते. उत्तर मजेदार आहे. त्या कुटुंबाच्या वकिलाला केस तिथल्या काउंटी कोर्टातच ठेवायची होती, कारण तिथल्या ज्युरी भरपाई देताना सढळ हाताच्या. आणि वादी न्यूयॉर्कचे, डीलर न्यूयॉर्कचा, दोन्हीकडे एकाच स्टेटची माणसं असेपर्यंत केस फेडरल कोर्टात हलवता येत नव्हती. म्हणजे डीलर हा नुसता बुजगावण्यासारखा उभा केलेला. सुप्रीम कोर्टाने त्याला बाहेर काढल्यावर केस फेडरल कोर्टात गेली आणि तिथल्या ज्युरीने ऑडीच्या बाजूने निकाल दिला. कुठल्या कोर्टात चालणार हे ठरलं तेव्हाच अर्धी केस हरली होती.

पण माझं डोकं खरं फिरलं ते आमच्याच न्यू जर्सीच्या केसवर. २०११ चीच, गुडइयरच्याच दिवशी निकाल लागलेली. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची जे. मॅकिंटायर नावाची कंपनी, धातू कापायची मोठी यंत्रं बनवणारी. अमेरिकेत विकायला ओहायोतला एक डिस्ट्रिब्युटर. न्यू जर्सीतल्या एका भंगाराच्या कारखान्याच्या मालकाने लास व्हेगासच्या प्रदर्शनात ते यंत्र बघितलं, २४,९०० डॉलरला घेतलं, आणि त्यात एका कामगाराच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्याने दावा कुठे लावायचा? जिथे तो काम करत होता, जिथे यंत्र होतं, जिथे बोटं तुटली, तिथेच ना? सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीनने सांगितलं की नाही. कंपनीला अख्खी अमेरिका हवी होती पण खास न्यू जर्सी असं तिने ठरवलेलं नव्हतं. न्यू जर्सीत अशी फार तर चार यंत्रं आलेली. सहाजणांचंही कारण एक नाही, चौघांचं एक, दोघांचं वेगळं. जस्टिस गिन्सबर्ग विरोधात होत्या आणि त्यांनी दाखवून दिलं की भंगार धातूच्या धंद्यात न्यू जर्सी देशात सगळ्यात वरचं, म्हणजे ही यंत्रं विकायला याहून चांगला बाजार नाही. मधे एक डिस्ट्रिब्युटर घुसवला की झालं, हात झटकले! माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला की छोट्या उत्पादकाला पन्नास स्टेट्समध्ये ओढणंही बरोबर नाही, कुणी घरी बसून मातीची भांडी बनवत असेल त्याचं काय. असेल बाबा, पण पंचवीस हजार डॉलरचं यंत्र म्हणजे मातीचं भांडं नव्हे.

२०१७ ची औषधाची केस आली तेव्हा अजून एक दोर आवळला. ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीचं प्लॅव्हिक्स हे रक्त पातळ ठेवायचं औषध, त्याने त्रास झाला म्हणून ६७८ जणांनी कॅलिफोर्नियात एकत्र दावा केला, त्यातले ८६ कॅलिफोर्नियाचे, बाकी ५९२ इतर ३३ स्टेट्सचे. कंपनीने कॅलिफोर्नियात सहा वर्षांत १८ कोटी ७० लाख गोळ्या विकलेल्या, ९० कोटी डॉलरच्या वर. तरी कोर्ट म्हणालं ८६ जणांचं चालेल, ५९२ जणांचं नाही, कारण त्यांनी गोळी ना कॅलिफोर्नियात घेतली ना तिथे खाल्ली. आठ विरुद्ध एक. ती एक म्हणजे जस्टिस सोटोमायोर, आणि मला त्यांचंच पटतं. त्याच कोर्टात त्याच गोळीबद्दल त्याच कंपनीचा वकील तसाही उभा राहणारच आहे, मग ओहायोच्या माणसाचं ऐकलं तर कंपनीला नवीन त्रास तो काय? त्रास उलट त्या माणसाला, त्याने एक तर आपल्या घरी एकट्याने लढायचं किंवा कंपनीच्या माहेरी नाहीतर सासरी जायचं.

कंपन्यांना यामुळे जरा जास्तच हुरूप आला बहुतेक. फोर्डने नंतर असा युक्तिवाद केला की मोंटॅनात अपघात झालेली ती एक्स्प्लोरर आम्ही मोंटॅनात विकलीच नव्हती, ती आधी वॉशिंग्टन स्टेटमध्ये विकली गेली होती, सेकंडहँड फिरत फिरत इथे आली, म्हणून मोंटॅनाच्या कोर्टाला अधिकार नाही. मिनेसोटातल्या दुसऱ्या गाडीबद्दलही तेच. मोंटॅनात फोर्डचे ३६ डीलर, मिनेसोटात ८४, जाहिराती, सर्व्हिसिंग, स्पेअर पार्ट्स सगळं, आणि म्हणे नेमकी हीच गाडी आम्ही इथे विकली नाही! २०२१ मध्ये आठ विरुद्ध शून्यने आपटले. जस्टिस केगन यांनी लिहिलं की दावा तुमच्या तिथल्या धंद्यामुळेच उद्भवला पाहिजे असं नाही, त्याच्याशी नातं असलं तरी पुरे. ऑडीचा तो गावातला डीलर आणि देशभर गाड्या विकणारी फोर्ड यातला फरक हाच.

मग २०२३ ला पेनसिल्व्हेनियाने मागच्या दाराने वेगळाच रस्ता काढला, म्हणजे काढलेला आधीपासूनच होता, कोर्टाने शिक्का मारला. दुसऱ्या स्टेटमध्ये धंदा करायचा तर तिथे नोंदणी करावी लागते. पेनसिल्व्हेनियाचा कायदा सांगतो की नोंदणी केलीत म्हणजे इथे तुमच्यावर कुठलाही दावा चालेल. नॉरफोक सदर्न रेल्वे व्हर्जिनियाची, तिचा कामगार ओहायो आणि व्हर्जिनियात काम केलेला, कॅन्सर झाला म्हणून दावा मात्र पेनसिल्व्हेनियात. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चारने म्हटलं की चालेल, तुम्ही फॉर्म भरलात, संमती दिलीत. म्हणजे एक रेल्वे २,००० मैल रूळ टाकूनही मोंटॅनात पाहुणी, आणि दुसरी पेनसिल्व्हेनियात एका फॉर्मवर सही केली म्हणून घरची. असं स्पष्ट लिहून ठेवणारं स्टेट २०२३ मध्ये ते एकटंच असल्यासारखं होतं, आणि पाचातल्या जस्टिस अलिटो यांनी सुचवूनही ठेवलंय की स्टेट्समधल्या व्यापाराच्या कलमाखाली हे उद्या अडकू शकतं.

यात एक व्यवहाराची गोष्ट, जी मला सगळ्यात उपयोगाची वाटली. तुमच्यावर परक्या स्टेटमध्ये दावा आला आणि तिथल्या कोर्टाला अधिकार नाही असं वाटत असेल तर ते पहिल्याच उत्तरात सांगायचं असतं. आधी बाकीचा बचाव मांडला आणि नंतर आठवलं की अरे हे कोर्टच आपलं नाही, तर फेडरल नियमांप्रमाणे तो हक्क गेला, कायमचा. दुसरा मार्ग नेफचा, जायचंच नाही, निकाल होऊ द्यायचा, वसुलीला तुमच्या घरी आले की तिथे सांगायचं की तो निकालच पोकळ आहे. पण तिथे हरलात तर मूळ केसमध्ये बोलायला काही उरत नाही. जुगारी माणसांनीच करावं. एरवी होतं काय, तर मोठ्या केसेसमध्ये वर्षानुवर्षं नुसतं कुठे लढायचं यावरच लढाई चालते, नमनालाच घडाभर तेल.

इंटरनेटने तर अजूनच गुंता केलाय. वेबसाइट सगळीकडून दिसते, मग कंपनी सगळीकडे गेली का? नुसती दिसते म्हणून नाही, हे बहुतेक कोर्टं मानतात. पण एप्रिल २०२५ मध्ये पश्चिमेकडच्या नाइन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाच्या मोठ्या बेंचने शॉपिफायच्या केसमध्ये निकाल दिला, ऑनलाइन दुकानांना पैसे घ्यायची सोय पुरवणारी कॅनडाची कंपनी, कॅलिफोर्नियातल्या गिऱ्हाइकाने फोनवरून खरेदी केली, त्याच्या फोनमध्ये गुपचूप कुकीज टाकून माहिती गोळा केल्याचा आरोप. शॉपिफायचं म्हणणं आम्ही देशभर सगळीकडे हेच करतो, कॅलिफोर्नियाला खास काही नाही. कोर्ट म्हणालं, सगळीकडे करता म्हणून कुठेच नाही असं होत नाही. नॉटिंगहॅमच्या यंत्राला जो युक्तिवाद चालला तो फोनला नाही चालला, हे वाचून मला जरा बरं वाटलं. सुप्रीम कोर्टात असं काही आलं तर काय होईल ते होईल.

तर माझं टेबल. युटाची कंपनी, माहेरही तेच सासरही तेच, न्यू जर्सीत ती घरची नाही, पहिला रस्ता बंद. दुसरा? मी टेबल युटातून उचलून आणलं नव्हतं. त्यांच्या साइटवर स्टेट निवडायच्या यादीत न्यू जर्सी होतं, त्यांनी स्वतः ट्रकवर चढवून माझ्या दारात पोचवलं, आणि भांडण नेमकं त्याच टेबलाचं. शिवाय पावती काढून बघितली तर त्यात न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स, ६.६२५ टक्के, ४२ डॉलर ४० सेंट. आता बाहेरच्या विक्रेत्याला इथला टॅक्स गोळा करावा लागतो तो वर्षाला इथे एक लाख डॉलरच्या वर विक्री किंवा २०० व्यवहार असतील तेव्हा. म्हणजे एक तर त्यांनी हौसेने टॅक्स घेतला, नाहीतर आमच्या स्टेटमध्ये त्यांची बरीच टेबलं वरखाली होतायत. माझ्या मते भक्कम पुरावा. मी दुसऱ्या दिवशी क्लासनंतर प्रोफेसरीणबाईंना पावती दाखवली, त्या खूश झाल्या, पावती उलटसुलट बघितली आणि विचारलं, "टर्म्स वाचल्यात का तुम्ही?"

नव्हत्या वाचल्या. कोण वाचतं. घरी येऊन उघडल्या तर बत्तिसाव्या की तेहेतिसाव्या परिच्छेदात, सर्व वाद फक्त सॉल्ट लेक काउंटीच्या कोर्टात, आणि मी त्यापुढच्या चौकोनात टिक केलेली. १९९१ मध्ये वॉशिंग्टन स्टेटमधल्या एका जोडप्याचं असंच झालं होतं, क्रूझच्या तिकिटावर बारीक अक्षरांत फ्लोरिडाचं कोर्ट लिहिलेलं, बाई मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ जहाजावर घसरून पडल्या, आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं जा फ्लोरिडाला, तिकिटावर लिहिलंय. बूट, ऑडी, भंगाराचं यंत्र, गोळ्या, एवढा दीडशे वर्षांचा इतिहास आणि तो सगळा एका टिकने गुंडाळला जातो. याच्यावर खरं तर आमचा अख्खा कोर्स हवा, मिळाला एक तास.

नवरा म्हणाला शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी चढले नाही, पण एक लांबलचक मेल मात्र लिहिला, त्यात टॅक्सच्या ओळीचा फोटो जोडला, मिनिमम काँटॅक्ट्स हे शब्द दोनदा वापरले आणि टर्म्समधल्या त्या परिच्छेदाबद्दल चकार शब्द काढला नाही. आठ दिवसांनी दारात एक खोकं आलं. पत्र नाही, सॉरी नाही, काही नाही, थर्माकोलमध्ये गुंडाळलेली एक नवी कोरी मोटर. वर छापलेलं, डावा पाय.

जळलाय उजवा.